अँटिबॉडी नेमकी कुठे चिकटते, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्झायमरवरच्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या गेली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात. ‘मेंदूतला गाळ साफ करणारी अँटिबॉडी’ असा मथळा, खाली मेंदूचे रंगीत चित्र आणि शेवटच्या ओळीत ‘रुग्णांना दिलासा’. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसे ही कात्रणे घेऊन बेळगावच्या डॉक्टरांकडे येतात आणि विचारतात, ‘हे आमच्या बाबांना चालेल का?’ बातमीत औषधाचे नाव असते, कंपनी असते, डॉलरमधली किंमतही असते. ती अँटिबॉडी रोगाच्या प्रथिनाला कुठल्या जागी पकडते, एवढेच सहसा नसते, आणि मेख तिथेच आहे. ती जागा कशी शोधतात आणि शोधताना कुठे फसगत होते, ते लिहीत आहोत. आपल्या भागातल्या फार्मसी आणि जीवशास्त्राच्या कॉलेजांत विकतच्या अँटिबॉडी वापरून प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही याचा उपयोग होईल.

अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर साठतो तो अमायलॉइड बीटा. मोठ्या प्रथिनाचा कापून निघालेला हा छोटा तुकडा ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा असतो. ती एका ओळीत गुंफलेली असतात. मिरज-लोंढा लोहमार्ग डोळ्यांसमोर आणा. पहिले अमिनो आम्ल म्हणजे मिरज, बेचाळिसावे म्हणजे लोंढा. मधे कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, देसूर, खानापूर. अँटिबॉडी अख्खी लाइन पकडत नाही. लागोपाठची पाच-सात स्टेशने तिच्या मुठीत येतात, त्या जागेला एपिटोप म्हणतात. लाइन सरळ असताना एपिटोप सलग असतो. पण रूळच वळवून घटप्रभा आणि खानापूर शेजारी आणून ठेवले, तर अँटिबॉडी थोडे इकडचे, थोडे तिकडचे धरते. तो घडीवर अवलंबून असलेला एपिटोप. लाइन सरळ केली की तो नाहीसा होतो.

हे सुटे तुकडे एकमेकांना चिकटून आधी छोटे पुंज, मग लांब तंतू आणि शेवटी मेंदूतले डाग तयार होतात. पहाटे स्टँडवर उतरलेला आपल्या अंकाचा गठ्ठा पाहावा. आतली पाने एकमेकांवर घट्ट दाबलेली असतात, वाचता येतात त्या फक्त बाहेर आलेल्या कडा. तंतूत तसेच होते. साखळीचा मधला आणि शेवटचा भाग आत चेपला जातो, सुरुवातीची आठ-नऊ अमिनो आम्ले बहुतेक रचनांत बाहेर सैल लोंबत राहतात. म्हणजे सुरुवातीचे टोक पकडणाऱ्या अँटिबॉडीला डाग सापडतो. मधला भाग पकडणारीला सुटा तुकडा सापडतो, गठ्ठा सापडत नाही.

औषधांच्या बाबतीत काय झाले ते यावरून बरेचसे कळते. सोलानेझुमॅब १६ ते २६ या मधल्या पट्ट्याला धरते. रक्तातला आणि मेंदूच्या पाण्यातला सुटा अमायलॉइड तिने भरपूर बांधला, पण डाग जागच्या जागी राहिले. २०१६ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांना लक्षणीय फायदा दिसला नाही. अ‍ॅड्युकानुमॅब ३ ते ७ ला धरते आणि डाग कमी करते. तिच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत फायदा दिसला, दुसरीत नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये घाईची मंजुरी दिली आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ती बंद केली. लेकानेमॅब सुरुवातीच्याच भागाला धरते, पण तिची ओढ सुट्या तुकड्यापेक्षा विरघळलेल्या लांबट पुंजांकडे अधिक आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिला घाईची आणि जुलैत पूर्ण मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये मंजूर झालेली डोनानेमॅब आणखी चोखंदळ आहे. पहिली दोन अमिनो आम्ले गळून पडलेली आणि तिसऱ्याचे वेटोळे झालेले असेल, तरच ती धरते. असा बदललेला तुकडा डागातच असतो, म्हणून निरोगी, सुट्या अमायलॉइडकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

जागा बरोबर म्हणजे औषध बरोबर, असे मात्र कुणी समजू नये. बापिन्युझुमॅब १ ते ५ ला धरत होती, तरी २०१२ मध्ये ती चाचणीत पडली. मेंदूला सूज येते म्हणून तिची मात्रा कमी ठेवावी लागली होती. गँटेनेरुमॅब सुरुवातीचे टोक आणि मधला भाग दोन्ही धरते. तीही २०२२ मध्ये अपयशी ठरली, कारण डाग अपेक्षेइतके उतरले नाहीत. जागा हा पहिला प्रश्न आहे. मात्रा, मेंदूत किती पोचते आणि रोग कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

दिलाशाचे मोजमापही इथेच सांगून टाकतो. लेकानेमॅबच्या १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ० ते १८ च्या मापावर ०.४५ एवढा होता. यालाच बातमीत ‘२७ टक्के घट’ म्हणतात. घट आहे ती ढासळण्याच्या वेगात. गेलेली आठवण परत येत नाही. त्या चाचणीत औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दर खेपेला ६०० मिलिग्रॅम, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा एमआरआय. कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड असतो. अँटिबॉडी तिथे चिकटली की भिंत गळू लागते आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो. अशी सूज लेकानेमॅबमध्ये १२.६ टक्के, डोनानेमॅबमध्ये २४ टक्के आणि अ‍ॅड्युकानुमॅबच्या मोठ्या मात्रेत सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या चित्रांत दिसली. तिन्ही औषधे अमायलॉइडविरोधी म्हणूनच ओळखली जातात आणि आकडे हे असे.

आता जागा शोधण्याकडे वळू. सर्वांत जुनी आणि आजही पहिली करायची पद्धत म्हणजे साखळीचे एकमेकांवर चढणारे तुकडे करून कुठल्या तुकड्याला अँटिबॉडी चिकटते, म्हणजे कुठे रंग येतो, ते पाहणे. १९८४ मध्ये गायसेन आणि सहकाऱ्यांनी ती रूढ केली. ४२ अमिनो आम्लांच्या साखळीतून १५-१५ चे तुकडे एकेका घराने सरकवत काढले, तर १ ते १५, २ ते १६ असे करत २८ ते ४२ पर्यंत २८ पेप्टाइड (म्हणजे असे छोटे तुकडे) होतात. पैसे कमी असतील तर तीन-तीन घरे सरकवावीत, १० पेप्टाइडांत काम भागते, पण कडा धूसर येतात. प्रत्येक पेप्टाइड तीन-तीन वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यांत) घातले की ८४ वेल भरतात आणि ९६ च्या प्लेटवर १२ उरतात. ते बारा वाया घालवू नयेत. तीनमध्ये अख्खी साखळी, तीनमध्ये उलट्या क्रमाने बनवलेली साखळी, तीन पेप्टाइडाशिवाय आणि तीनमध्ये अख्ख्या साखळीवर त्याच उपप्रकाराची पण संबंध नसलेली अँटिबॉडी. यातले शेवटचे तीन वेल बहुतेक जण गाळतात आणि मग अँटिबॉडीची शेपटी कुठेतरी चिकटली, तेच बंधन म्हणून मोजतात.

समजा अँटिबॉडी १७ ते २४ ला धरते, जशी ‘४जी८’ नावाची नेहमीची अँटिबॉडी. मग उजळणारा पहिला तुकडा १० ते २४ आणि शेवटचा १७ ते ३१, एकूण आठ. पहिल्याचा शेवट आणि शेवटच्याची सुरुवात घेतली की १७ ते २४ हा पट्टा हातात येतो. इथे सगळे सरळ आहे. पण ३ ते ७ ला धरणारी अँटिबॉडी असेल तर १ ते १५, २ ते १६ आणि ३ ते १७ एवढेच तीन तुकडे उजळतात, ४ ते १८ विझलेला. डावी कड मिळाली, ३. उजवी कड मिळतच नाही, कारण साखळीच्या अलीकडे सरकायला जागा नाही. अनेक प्रबंधांत ‘एपिटोप ३ ते १५’ असे लिहून मोकळे होतात, ते यामुळे. अशा वेळी उजवीकडून कातरत जायचे: १ ते १२, १ ते १०, १ ते ८, १ ते ७, १ ते ६. १ ते ७ उजळला आणि १ ते ६ विझला, की उजवी कड ७. पाच पेप्टाइडांचा खर्च वाढतो, पण त्याला इलाज नाही.

टोकापाशी आणखी एक खड्डा आहे. कागदावर किंवा पडद्यावर जागेवरच बनवलेल्या पेप्टाइडांचे सुरुवातीचे टोक बऱ्याचदा अ‍ॅसिटिल गट लावून बंद केलेले असते. बापिन्युझुमॅबसारख्या अँटिबॉडीला मोकळे पहिले टोकच लागते. टोपी घातलेल्या पेप्टाइडाला ती ओळखत नाही आणि आपण ‘चिकटत नाही’ असा निष्कर्ष काढतो. पेप्टाइड प्लेटला अडकवायला लावतात तो बायोटिनचा आकडा म्हणूनच साखळीच्या शेवटच्या टोकाला, मधे एक छोटा दुवा ठेवून मागवावा. शेवटचे टोक तपासायचे असेल तर उलट. ४० आणि ४२ मधला भेद ओळखणाऱ्या अँटिबॉडी मोकळे शेवटचे टोकच धरतात. त्यांच्यासमोर शेवटाला बायोटिन लावलेला तुकडा ठेवणे म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर थाप मारत बसणे.

एलायझाचे, म्हणजे प्लेटवर रंगाने बंधन मोजण्याच्या या चाचणीचे, माप असे. अख्खे प्रथिन असेल तर मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम, ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, दर वेलला १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. पण १५ चा तुकडा साध्या प्लास्टिकवर नीट बसत नाही. काही तुकडे बसतात, काही धुऊन जातात आणि मग तुकड्यांची तुलनाच खोटी ठरते. त्यासाठी बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन प्रथिनाची प्लेट आणि बायोटिनचे पेप्टाइड. मोकळ्या जागा भरायला एक ते तीन टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्यावे. दुधाची पावडर स्वस्त पडते खरी, पण दुधात बायोटिन असतो, तो स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा आधीच अडवतो. धुण्यासाठी ०.०५ टक्के ट्वीन (साबणासारखे द्रव्य) घातलेले पीबीएस हे खारट बफर, तीन ते पाच वेळा, आणि दर वेळी प्लेट टिपकागदावर उलटी आपटायची. मग अँटिबॉडी, मग एचआरपी हे विकर जोडलेली दुसरी अँटिबॉडी, शेवटी त्या विकराने रंगणारे टीएमबी. निळा रंग आला की १० ते १५ मिनिटांत सल्फ्युरिक आम्ल घालून थांबवायचे. तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. सगळी प्लेट पांढरीफटक राहिली तर आधी बफरची बाटली पाहावी. बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी सोडियम अझाइड घातलेले असते आणि अझाइड एचआरपीला मारते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ३७ अंशांवर ठेवलेल्या प्लेटच्या कडेचे वेल आटतात आणि तिथले आकडे फुगतात. वर चिकटपट्टी लावावी आणि महत्त्वाची पेप्टाइडे कडेला ठेवू नयेत.

पट्टा मिळाला तरी त्यातले कोणते अमिनो आम्ल खरोखर हातात धरले आहे, ते कळत नाही. त्यासाठी एकेकाच्या जागी अलॅनिन घालून पाहतात. अमायलॉइडची सुरुवात अशी: अस्पार्टिक आम्ल, अलॅनिन, ग्लुटामिक आम्ल, फेनिलअलॅनिन, अर्जिनिन, हिस्टिडिन, अस्पार्टिक आम्ल, सेरिन, ग्लायसिन, टायरोसिन. दुसऱ्या जागी मुळातच अलॅनिन आहे, तिथे ग्लायसिन घालतात. निकाल एका वाचनावर ठरवू नये. अँटिबॉडी मिलिलिटरला १,००० नॅनोग्रॅमपासून तिप्पट विरळ करत आठ पायऱ्या उतरावे (३३३, १११, ३७...) आणि निम्मा रंग कुठे येतो ते पाहावे. तो बिंदू दहापट सरकला तर ते अमिनो आम्ल पकडीत आहे. दाट अँटिबॉडी घातली की कमजोर पकडही पूर्ण रंग देते आणि सगळी अलॅनिने सारखीच दिसतात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडणारी ही सर्वांत नेहमीची चूक.

निसर्गाने एक अलॅनिनसारखा प्रयोग आधीच करून ठेवला आहे, आणि आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांशी त्याचा थेट संबंध आहे. उंदराचा आणि घुशीचा अमायलॉइड माणसाच्या अमायलॉइडपेक्षा तीन जागी वेगळा असतो: ५ व्या जागी अर्जिनिनऐवजी ग्लायसिन, १० व्या जागी टायरोसिनऐवजी फेनिलअलॅनिन, १३ व्या जागी हिस्टिडिनऐवजी अर्जिनिन. प्रसिद्ध ‘६ई१०’ अँटिबॉडीच्या पकडीत पाचवी जागा येते, म्हणून ती माणसाचा अमायलॉइड ओळखते, साध्या पांढऱ्या उंदराचा ओळखत नाही. ‘४जी८’ दोन्ही ओळखते, कारण १७ ते २४ दोन्हींत सारखे आहे. तरीही स्मृती बिघडवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किंवा स्कोपोलामिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत माणसासाठीच्या किटने अमायलॉइड मोजून ‘वनौषधीने इतके टक्के घटला’ असे निष्कर्ष काढले जातात. किटमधल्या दोन्ही अँटिबॉडी कुठे चिकटतात हे माहितीपत्रकात असेल तर वाचावे, नसेल तर कंपनीला विचारावे, आणि उत्तर आले नाही तर ते किट घेऊ नये. ‘६ई१०’ बद्दल आणखी एक गोष्ट: तिची जागा मूळच्या मोठ्या प्रथिनातही असते. प्रथिने आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर १०० किलोडाल्टनच्या आसपास दिसणारी जाड पट्टी अमायलॉइडच्या पुंजाची नसून त्या आई-प्रथिनाची असते. ती मोजून ‘पुंज वाढले’ म्हणणारे कमी नाहीत.

आणि क्लोनचे, म्हणजे अँटिबॉडी ज्या मूळ पेशीच्या वंशातून येते त्याचे, नाव विचारावे, दुकानाचे नाही. आपल्या गावालाच पाटीवर एक आणि बोलण्यात एक अशी दोन नावे आहेत, तर एकाच क्लोनला तीन कंपन्यांनी तीन नावे देणे यात नवल नाही. वेगवेगळ्या तीन अँटिबॉडींनी दुजोरा मिळाला असे वाटते, आणि ती असते एकच.

इथवरचे सगळे सरळ लाइनचे झाले. लेकानेमॅब पुंजच का पसंत करते, हे १५ च्या तुकड्यांवरून कधीच कळणार नाही. तुकडा पुंज नसतो. त्यासाठी सुटा, पुंज आणि तंतू असे तीन वेगवेगळे नमुने शुद्ध बनवावे लागतात, आणि बहुतेक प्रयोग बिघडतात ते इथे. बाटलीत आलेली अमायलॉइडची पांढरी पावडर कोरी नसते. तिच्यात आधीच बारीक गाठी असतात आणि त्या बियाण्यासारख्या वागतात. एचएफआयपी या द्रावकात १ मिलिमोलर विरघळवून गाठी मोडायच्या, हुडखाली रात्रभर उडू द्यायचे, म्हणजे नळीच्या तळाशी साय धरल्यासारखा पातळ, पारदर्शक थर राहतो. तो पांढरा दिसला तर गाठी शिल्लक आहेत किंवा ओल आत शिरली आहे, तो टाकून द्यावा. आपल्या पावसाळ्यात नळी फ्रीझरमधून काढून लगेच उघडली की हवेतली ओल आत जमते. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये. थर डीएमएसओत ५ मिलिमोलर विरघळवायचा. पुढे १०० मायक्रोमोलरपर्यंत विरळ करून ४ अंशांवर पेशींच्या माध्यमात २४ तास ठेवले की छोटे पुंज, आणि १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर २४ तास ठेवले की तंतू. तंतू झाले का ते थायोफ्लेविन-टीने पाहतात: ४४० ते ४५० वर उजेड टाकायचा, ४८२ च्या आसपास चमक मोजायची. नळ्या कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्याच घ्याव्यात. साध्या नळीच्या भिंतीला अमायलॉइड इतका चिकटतो की कागदावरचे प्रमाण आणि नळीतले प्रमाण यांचा मेळ बसत नाही.

एवढे करून सुटा अमायलॉइड प्लेटच्या प्लास्टिकवर चढवला की तो सुटा राहत नाही. पृष्ठभागावर पसरतो, वाकतो, शेजाऱ्यांना चिकटतो. म्हणून ‘आमची अँटिबॉडी सुट्यालाही तितकीच धरते’ हा प्लेटवरचा निकाल मानू नये. अँटिबॉडी आधी द्रवातच सुट्या, पुंज आणि तंतू रूपांबरोबर वेगवेगळ्या नळ्यांत एक-दोन तास ठेवावी, मग तंतू चढवलेल्या प्लेटवर ओतावी आणि रंग किती उतरला ते पाहावे. शंभरपट सुटा घालूनही रंग उतरला नाही आणि थोड्याशा पुंजाने निम्मा झाला, तर ती खरोखर पुंजाची अँटिबॉडी. तरीही घाई नको. अँटिबॉडीला दोन हात असतात. सुट्यावर एकच हात लागतो, तंतूवर दोन्ही, आणि दोन हातांची पकड सहज सुटत नाही. म्हणजे जागा घडीवर अवलंबून नसतानाही ती पुंज पसंत करते असे दिसते. पपेन या विकराने कापून एकहाती फॅब तुकडा बनवावा आणि तोच प्रयोग पुन्हा करावा. आवड टिकली तर ती घडीची, गेली तर दोन हातांची.

याच्या पुढे मोठी यंत्रे लागतात. जड पाण्यात ठेवलेल्या प्रथिनाच्या कण्यातले हायड्रोजन हळूहळू ड्युटेरियमने बदलतात आणि दर बदलाला वजन एका डाल्टनने वाढते. अँटिबॉडीने झाकलेल्या जागी बदल मंदावतो. ठरलेल्या वेळी २.५ पीएच आणि शून्य अंशांवर प्रक्रिया गोठवून, पेप्सिनने कापून वस्तुमान मोजतात. सुट्या अमायलॉइडला घडीच नसल्याने तो क्षणात बदलून मोकळा होतो. तिथे पहिले वाचन सेकंदांत घ्यावे लागते, दहा मिनिटांनी पाहणाऱ्याला काही दिसत नाही. तंतूचा गाभा मुळातच झाकलेला असतो, म्हणून तिथला मंद बदल अँटिबॉडीच्या नावावर मांडू नये. अँटिबॉडीशिवायचा तंतू शेजारी हवाच. अणूपर्यंतचे चित्र हवे असेल तर स्फटिक बनवून क्ष-किरण किंवा गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन चित्रण. ही कामे मोठ्या केंद्रांकडे पाठवावीत, पण आधी वरची साधी प्लेट करून.

टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गणित वेगळे आहे. त्याचे सर्वांत लांब रूप ४४१ अमिनो आम्लांचे. अल्झायमरमधल्या टाऊ तंतूचा गाभा ३०६ ते ३७८ एवढाच असल्याचे २०१७ मध्ये दिसले, बाकीचा भाग बाहेर सैल. गोसुरानेमॅब आणि टिलाव्होनेमॅब या अँटिबॉडींनी सुरुवातीचे टोक धरले आणि त्या चाचण्यांत चालल्या नाहीत. पेशीतून पेशीत पसरणाऱ्या तुकड्यांत पुष्कळदा ते टोक तुटलेलेच असते, हे त्यामागचे एक पटणारे कारण आहे. शेपूट धरायची आणि शेपूट तुटलेल्या सरड्याच्या मागे धावायचे, असा तो प्रकार. पार्किन्सनमधल्या १४० अमिनो आम्लांच्या अल्फा-सिन्यूक्लिनच्या बाबतीतही सुरुवातीचे टोक धरणाऱ्या सिनपानेमॅबचा उपयोग दिसला नाही. शेवटचे टोक धरणारी प्रासिनेझुमॅब अजून अभ्यासात आहे.

रुग्णांशी टाऊचा जवळचा संबंध येतो तो रक्ततपासणीतून. ‘पी-टाऊ २१७’ म्हणजे २१७ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसलेला टाऊ. या तपासणीतली अँटिबॉडी फॉस्फेटसकट ती जागा धरते. खात्री करताना चार पेप्टाइडे लागतात: २१७ वर फॉस्फेट असलेले, नसलेले, आणि शेजारच्या २१२ आणि २१४ वर असलेली दोन. शेवटच्या दोन्हींपैकी एकावरही रंग आला तर अँटिबॉडी शेजाऱ्यालाही फसते. नमुन्यावर फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फेटेज फिरवल्यावर खुणेचा मागमूस राहता कामा नये. इथेही दूध नको. केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट भरपूर असतात. रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यावे, प्लाझ्मा लवकर वेगळा करून गोठवावा, आणि बेळगावहून बंगळूर किंवा पुण्याला जाताना तो कोरड्या बर्फातच जावा. बर्फाच्या पाकिटांवर रात्रभर बसमधून गेलेल्या नमुन्याचा आकडा हातात आला तर त्यावरून घरात कुणाला अल्झायमरचे लेबल लावू नये.

मृत्यूनंतरच्या मेंदूचे काप पाहताना एपिटोप झाकला जाण्याचा त्रास आणखी ठळक होतो. फॉर्मॅलिनने प्रथिने जागच्या जागी जखडली जातात. अमायलॉइडचे डाग दिसावेत म्हणून काप ७० ते ९० टक्के फॉर्मिक आम्लात पाच-दहा मिनिटे ठेवतात. एवढी पायरी विसरली की डागांनी भरलेला मेंदू निरोगी दिसतो. प्रायॉन या, घडी बिघडली की मेंदूचा आजार घडवणाऱ्या, प्रथिनाच्या बाबतीत तर या झाकण्याचीच चाचणी बनवली गेली. ‘३एफ४’ ही अँटिबॉडी धरते ती १०९ ते ११२ ही जागा निरोगी रूपात उघडी, रोगट रूपात लपलेली असते. ग्वानिडिनने घडी मोडली की ती उघडते. मोडण्याआधीचे आणि नंतरचे वाचन यांतला फरक म्हणजे रोगट प्रथिन.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे की अशा औषधाची बातमी देताना ‘अमायलॉइडविरोधी’ एवढ्यावर न थांबता, ते साखळीच्या कुठल्या भागाला आणि कुठल्या रूपाला धरते हे एका वाक्यात द्यावे, आणि टक्क्यांच्या शेजारी मापाचे खरे आकडे छापावेत. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वाचकांच्या घरांतलेही त्यात आहेत. औषधाची माहितीपत्रके इंग्रजीत असतात, क्वचित कन्नडमध्ये. सीमाभागातल्या मराठी घरांना वृत्तपत्र हेच माहितीपत्रक असते.

विद्यार्थ्यांसाठी एक राहिले. अँटिबॉडी आली की त्याच दिवशी १० ते २० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे २० वर ठेवावी आणि काढलेली नळी परत गोठवू नये. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ती रोज थोडी थोडी वितळते, म्हणून तो वापरू नये. उन्हाळ्यात वीज गेली तर दार न उघडणे हेच उत्तम. एचआरपी जोडलेली मात्र कधीच गोठवायची नाही, ती ४ अंशांवर ठेवायची.

कळावे,
प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक
टिळकवाडी, बेळगाव